गरम बोनेट

१

गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. शटर वर गेलं की ताईची सकाळ प्रश्न विचारण्यात जायची. गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकायचं आणि म्हणायचं, "ताई, गाडी सेल्फ मारतेय, पण स्टार्ट होत नाही. एक पेट्रोलचा पंप द्या."

दुसऱ्या कुणी पंप काढून दिला असता. ताई विचारायची, "चावी फिरवली की मागच्या सीटखालून गुणगुण येते?"

"येते."

"मग पंप काय देव्हाऱ्यात ठेवतोस? प्लग काढून बघितलास? ओला आहे की कोरडा?"

इथे गिऱ्हाईक डोकं खाजवायचं. ताई कुठल्या शाळेत हे शिकली नव्हती. काउंटरच्या अलीकडे बसून लोकांची रडगाणी ऐकता ऐकता तिचा कान तयार झाला होता. एकदा एक गृहस्थ दोरीनं गाडी ओढून घेऊन आले, धक्का मारायला मागे म्हातारे सासरे. ताईनं टाकीचं झाकण उघडून नाक पुढे केलं आणि म्हणाली, "इंजिन ठणठणीत आहे हो, उपाशी आहे. पेट्रोलचा काटा अडकलाय तुमचा." सासरे तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "ताई, काट्याऐवजी जावईच बदलून मिळेल का?"

"इंजिनाला फार काही लागत नाही," ती म्हणायची. "पेट्रोल, ठिणगी, हवा, दाब, आणि हे सगळं वेळेवर. घरातल्या माणसाला तरी याहून वेगळं काय लागतं?"

दुकानाला लागून शेड होती. पुढे रस्त्यावर मोठं शटर, मागे गल्लीत उघडणारं लोखंडी दार. त्या दारावर अधूनमधून कुणीतरी टकटक करायचं. वाकड्या वाटेनं आलेला माल, निम्म्या भावात. ताई आतूनच सांगायची, "मागच्या दारानं आम्ही गिऱ्हाईक घेत नाही. पुढून या, उजेडात या, तोंड दाखवा." एकानं चिडून दारावर लाथ घातली, तर ही बाई चाकाचा पाना हातात घेऊन दार उघडून उभी. तो इतक्या घाईनं पळाला की एक चप्पल मागेच राहिली. ती चप्पल ताईनं पुष्कळ दिवस काउंटरवर ठेवली होती. कुणी विचारलं की सांगायची, "सुटा भाग आहे. जोडीचा मिळाला तर बघा."

अशी ही बाई. घाबरणं तिच्या अंगवळणीच पडलं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

२

तिचा धाकटा भाऊ एका गिऱ्हाइकाला गिअरबॉक्स पोचवायला निघाला. तो पोचला नाही आणि परतही आला नाही. त्याची गाडी शहराबाहेरच्या रस्त्याच्या कडेला सापडली. दार उघडं, दिव्यांची बटणं दाबलेली, चावी लागलेली, टाकी कोरडी. गिअरबॉक्स डिकीत होता तसाच. गाडीवर एक ओरखडा नाही. पोलिसांनी ती कितीतरी महिने आवारात उभी ठेवली आणि मग एक दिवस घेऊन जा म्हणाले.

तोवर लोक धाकट्याबद्दल "होता" म्हणायला लागले होते. ताई समोरच्याला वाक्याच्या मध्येच अडवायची. "होता नाही. आहे. पुढे बोला."

शेजारच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडी ओढून आणली आणि शेडमध्ये मागे सरकवत लावली. बोनेट रस्त्याकडे, डिकी लोखंडी दाराकडे. "तोंड बाहेर असू दे," मिस्त्री म्हणाले. "सुरू झाली की निघायला बरी." माणूस तोंडाळ, पण ताईला मानणारा. धाकटा त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेला. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये टाकताना तो मध्येच क्षणभर रेंगाळायचा, उसासा टाकावा तसा, आणि मग क्लच सोडायचा. मिस्त्रींनी त्यापायी त्याला शिव्या घातल्या, टपल्या मारल्या. सवय गेली नाही. कोपऱ्यावर आला की दोन आखूड आणि एक लांब हॉर्न. म्हणजे, ताई, शटर वर कर, मी आलो.

भावजय त्याच दिवशी आली. दुसऱ्या गावी तिला नोकरी मिळाली होती.

"ताई, ही गाडी भंगारात देऊन टाकू."

"भंगार? डोळे तपासून घे. चालणारी गाडी आहे."

"चालत असेल तर ठेवा," भावजय म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, थकवा होता. "सुरू झाली तर मी पुन्हा विषय काढणार नाही. तुम्ही म्हणाल तितकी वाट बघीन. नाही झाली तर या आठवड्याच्या शेवटी भंगारवाला घेऊन जाईल, आणि मग आपण त्याचं जे करायचं राहिलंय ते करू. मला झोप लागत नाही हो ताई. मला कुठेतरी पूर्णविराम हवाय."

"तुझा पूर्णविराम म्हणजे माझा भाऊ का?" ताई म्हणाली. पण सौदा तिनं कबूल केला. बंद गाडी सुरू करणं म्हणजे तिच्या घरचं काम.

मिस्त्रींनी नवी बॅटरी लावली, टाकीत पेट्रोल ओतलं, चावी फिरवली. इंजिन जोमानं फिरलं. गर्र, गर्र, गर्र. आणि पेटलं नाही.

"रुसलीय," मिस्त्री म्हणाले.

तेवढ्यात मॅनेजर आली. मॅनेजर म्हणजे दुकानातली मांजरी. कामाला हात लावायची नाही आणि सगळ्यावर बसायची, म्हणून हे नाव. तिची एक खोड साऱ्या आळीला माहीत होती. नुकतीच लांबून आलेली गाडी असेल तरच ती बोनेटवर चढायची. गार पत्र्यावर तिनं कधी पाऊल ठेवलं नाही.

मॅनेजरनं धाकट्याच्या गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर उडी घेतली आणि अंगाची गुंडाळी करून झोपली.

ताईनं तिच्या शेजारी हात टेकला आणि काढून घेतला. "ऊन पडलं असेल," ती म्हणाली.

शेडमध्ये ऊन येत नव्हतं.

३

पुढचे दिवस पद्धतशीर गेले. मिस्त्री एकेक गोष्ट बघत गेले आणि ताई काउंटरवर गिऱ्हाइकांना विचारायची तेच प्रश्न शेडमध्ये उभी राहून त्यांना विचारत गेली.

"पंप?"

"गातोय."

"ठिणगी?"

"निळी. अगदी फोटो काढण्यासारखी."

"टायमिंगचा पट्टा?"

"खुणेला खूण. एक दातसुद्धा सरकलेला नाही."

"चावीचा दिवा? गाडी चावी ओळखते ना?"

"चावी ओळखते. मालकाला ओळखत नसेल."

मिस्त्रींनी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दाब बघितला, अंगठा उडाला. हवेची वाट मोकळी होती, सायलेन्सर कुठे तुंबलेला नव्हता. सगळं होतं आणि काहीच होत नव्हतं.

मग त्यांनी प्लग हातात घेऊन निरखला. इतका वेळ सेल्फ मारून न पेटलेल्या इंजिनाचा प्लग पेट्रोलनं ओला निघतो. लहान पोराला कळावं इतकी साधी गोष्ट. हा कोरडा होता. टोकावर फिकट तपकिरी रंग चढला होता.

मिस्त्रींनी तो ताईपुढे धरला. "हा कुठला प्लग वाटतो?"

"रोज चालणाऱ्या गाडीचा."

"आणि माझं बोट बघा." बोट भाजून लाल झालं होतं.

मग ताई म्हणाली, "जुना रंग असेल."

"गाडी महिनोन्‌महिने उभी होती ताई. रंग जुना असेल. चटका जुना कसा असेल?"

पेट्रोलचंही तेच. ओतलेलं पेट्रोल सकाळी नसायचं. ताईनं गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरली, पुढच्या चाकापासून डिकीपर्यंत. सकाळी कागद कोरडे ठाक, टाकी रिकामी. चोर म्हणावं तर टाकीच्या झाकणाला तिनं स्वतः कुलूप घातलं होतं. तिनं कुलूप बदललं. पुन्हा ओतलं. पुन्हा संपलं.

"वाफ होऊन जात असेल," ती म्हणाली. हे वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडून आलं असतं तर तिनं त्याची आठवडाभर थट्टा केली असती.

४

आठवड्याचा शेवटचा दिवस. भरदुपार. दुकानात चिटपाखरू नव्हतं, मिस्त्री जेवायला गेले होते, भंगारवाला दुपारनंतर यायचा होता. ताई शेडमध्ये गेली. मॅनेजर बोनेटवर होती. रस्त्यावरून एखादी सायकल जायची, तिची साखळी करकरायची, आणि पुन्हा शांत.

मिस्त्रींची एक जुनी रीत होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा. आतलं सगळं ऐकू येतं. कुठला वॉल्व खडखडतो, कुठलं बेअरिंग रडतं. अर्थात चालत्या इंजिनाचं. बंद इंजिनाला कान लावणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं.

ताईनं चावी काढून पदराला बांधली. बोनेट उघडण्यासाठी मॅनेजरला उचललं, तर तिनं नखं काढली. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मुठीला कान लावला.

इंजिन चालू होतं.

तिनं कान काढला. शेड गप्प. इंजिनावर तळवा ठेवला. कोमट लोखंड, थरथर नाही. पुन्हा कान लावला. चालू होतं, आणि उभ्या गाडीसारखं घुटमळत नव्हतं. भरधाव होतं.

रस्त्यावरच्या कुठल्या तरी गाडीचा आवाज जमिनीतून येत असणार, असं तिनं स्वतःला सांगितलं. शेजारी पिठाची गिरणी होती, तिची मोटर असेल. ती बाहेर जाऊन बघून आली. गिरणीला कुलूप होतं.

तिसऱ्यांदा कान लावला तेव्हा वेग उतरत होता, चढावर उतरतो तसा. गिअर खाली आला. मग चढ संपला असावा. पहिल्या गिअरचा ताण, दुसरा, आणि तिसऱ्याच्या आधी तो उसासा. क्षणभर रेंगाळणं. मग क्लच सुटला.

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याच झपाट्यात तिला राग आला. "मेल्या," ती इंजिनाला म्हणाली, "क्लच खाऊ नकोस!"

मग ती हसली. एकटीच, भरदुपारी, उघड्या बोनेटपुढे. गाडी सुरू का होत नाही, हे तिला कळलं होतं. जे चालूच आहे ते सुरू कसं होणार?

हसू ओसरल्यावर दुसरा प्रश्न आला, आणि तो मात्र तिला आवडला नाही. हा थांबत का नाही?

स्क्रूड्रायव्हर घेऊन ती गाडीच्या कडेकडेनं मागे गेली. डिकीच्या पत्र्यावर टोक टेकवलं. इथे इंजिन बारीक ऐकू येत होतं, चाकांची सळसळ जास्त. आणि त्या सळसळीच्या मागे आणखी काहीतरी. धप्‌, धप्‌, धप्‌. आपल्याच कानातलं रक्त वाजतंय, असं ताई म्हणाली. तिनं मनगटावर बोटं ठेवून नाडी बघितली.

नाडी वेगळ्या तालात चालली होती.

५

भावजय आली तेव्हा मिस्त्री ताईकडून चावी घेऊन स्टिअरिंगवर बसले होते. "आज मी मनावर घेतलंय," ते म्हणाले. "वहिनी, तुम्ही साक्षीला उभ्या राहा. दमानं लांब सेल्फ मारतो. पेटली तर सगळ्यांना चहा ताईकडून."

"थांबा," ताई म्हणाली. "मी मागे ऐकते, मग मारा."

का ऐकायचंय, हे तिनं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? ती डिकीपाशी गुडघ्यांवर बसली, मागे लोखंडी दार, आणि मुठीला कान लावला. धाकटा सपाट रस्त्यावर असावा. तिसऱ्यात, सुखानं चाललेला. धप्‌ धप्‌ होतं, पण दूर.

तिनं हात वर केला. मिस्त्रींनी चावी फिरवली.

गर्र, गर्र, गर्र.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीत धातूवर धातू घासल्याचा आवाज आला, चालत्या इंजिनावर कुणी चुकून सेल्फ मारला की येतो तसा, दातांतून जाणारा. तिकडची गाडी हिसका खाऊन अडखळली. वेग पडला. मिस्त्री इकडे चावी धरून होते, "घेतेय, घेतेय, आत्ता घेईल," म्हणत होते, आणि तिकडे इंजिन खोकत होतं, धाकटा वेड्यासारखा गिअर बदलत होता, आता उसासा नाही की रेंगाळणं नाही, आणि मागचं ते जवळ आलं. ते धावत होतं. आता एवढं जवळ होतं की पावलांमधला फरक कळत होता. ती पावलं दोन पायांची नव्हती.

आठवडाभर आपण हेच करत होतो. गाडी सुरू करायची म्हणून, जीव तोडून.

"बंद करा!" ताई किंचाळली. "चावी सोडा! मिस्त्री, चावी सोडा!"

मिस्त्रींनी हात उचलला. शेड शांत झाली. डिकीचा पत्रा आतून नाही, बाहेरून, ताईच्या नाकापुढे, टप्पकन आवाज करत आत गेला. तळहाताएवढा पोचा. मग त्याच्याशेजारी दुसरा.

तिथे कुणी नव्हतं. ताई होती, आणि मागे बंद दार.

६

"पेटत होती ताई!" मिस्त्री खाली उतरले. "आणखी एक दम दिला असता तर..."

ताईनं बोनेटमध्ये हात घातला, पकडीनं सेल्फची वायर कापली आणि तुकडा खिडकीतून बाहेर भिरकावला.

"आता कुणी सेल्फ मारणार नाही."

भावजय सगळं बघत होती. "म्हणजे सुरू झाली नाही. ताई, बोली झाली होती आपली. तुम्ही शब्दाच्या पक्क्या म्हणून आळीत नाव आहे."

"होतं. आजपासून नाही."

"तुम्हाला एकटीलाच भाऊ होता का?" भावजय फुटली. "मला नवरा नव्हता? तुम्ही 'आहे, आहे' म्हणत लोकांची तोंडं बंद करता, आणि मी घरी जाऊन त्याचा टॉवेल वाळत घालते, कारण घडी करून ठेवला तर तुम्हाला काय वाटेल! मला जगू द्या हो!"

भावजयीचं एकही अक्षर खोटं नव्हतं. ताईनं फक्त स्क्रूड्रायव्हर पुढे केला.

"एकदा ऐक. काही ऐकू आलं नाही तर गाडी घेऊन जा. मी आडवी येणार नाही."

भावजयीनं मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी पोच्यांकडे बघितलं होतं. ते दोन पावलं मागे सरकले. "मला नको," ते म्हणाले. "मला रोज याच कानांनी काम करायचंय."

भावजयीनं पुढे जाऊन इंजिनावर टोक टेकवलं, मुठीला कान लावला. पुष्कळ वेळ ती हलली नाही. तिचा चेहरा आधी रिकामा झाला, मग मऊ झाला, आणि मग त्यावरचा सगळा रंग उतरला. हळूच, ओठांतल्या ओठांत ती म्हणाली, "दुसरा..." आणि थांबली. ताईला कळलं ती कशासाठी थांबली आहे.

"...तिसरा," भावजय म्हणाली.

बाहेर टेम्पो थांबला. भंगारवाल्यानं शटरवर थाप मारली. "वहिनी, घेऊ का गाडी?"

भावजयीनं कान न काढता ओरडून सांगितलं, "विकायची नाही!" मग ताईकडे वळून, घरातलं दूध संपल्याचं सांगावं तशा आवाजात, "ताई, पेट्रोल संपत आलंय त्याचं. झटके देतेय."

"दुकानात डबा आहे, काउंटरखाली. पळ."

ती पळाली. मिस्त्रीही पळाले, पण पेट्रोल पंपाच्या दिशेनं, दोन रिकामे डबे घेऊन. आणि ते परत आले, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. तो भंगारवाला मात्र टेम्पोसकट गेला, पुन्हा त्या आळीत दिसला नाही.

७

ताईनं बोनेट मिटलं आणि शेडचं शटर पार वरपर्यंत उचललं. रस्त्यावरचा उजेड आत आला, बोनेटवर पडला, पुन्हा तिथे चढून बसलेल्या मॅनेजरच्या पाठीवर पडला. मग ती दार उघडून स्टिअरिंगवर हात ठेवून उभी राहिली आणि तिनं हॉर्न दाबला. दोन आखूड, एक लांब. शटर वर आहे रे. ये.

थोड्या वेळानं पुन्हा. दोन आखूड, एक लांब.

भावजय टाकीत डबा रिकामा करत होती. पेट्रोलची घळघळ थांबली आणि तिनं स्क्रूड्रायव्हर बोनेटच्या पत्र्यावर टेकवला. "ऐकलं त्यानं," ती म्हणाली. "ताई, वळला. गाडी वळवली त्यानं. आता उतारावर आहे." तिचा आवाज चढत गेला. "काय दामटतोय! ताई, असा तर तो कधीच चालवत नाही!"

मॅनेजर ताडकन उठली. एक पंजा उचलला, मग दुसरा, आणि बोनेटवरून खाली उडी मारून रस्त्यापलीकडे जाऊन बसली. बोनेटवरची हवा थरथरत होती, तव्यावरची थरथरते तशी.

मागे काहीतरी वाजलं.

डिकीवर आता चार पोचे होते. पाचवा ताईच्या देखत पडला, पत्रा कुरकुरत आत गेला. आणि त्याच वेळी, डिकीच्या पलीकडे, गल्लीकडच्या लोखंडी दारावर टकटक झाली. सभ्य, हलकी टकटक. मग दाराखालच्या फटीतला उजेड एका बाजूनं झाकला गेला, सावकाश, पार दुसऱ्या टोकापर्यंत. गल्लीत एखादं लांबलचक काही दाराला अंग घासत बसावं तसा.

"ताई, जवळ आलाय!" पुढून भावजय ओरडली. "कोपऱ्यावर आलाय!"

"तू कान काढू नकोस," ताई म्हणाली. "आणि इकडे बघू नकोस."

भिंतीवरच्या खिळ्यावरून तिनं चाकाचा पाना उतरवला. डिकी आणि दार यांच्यामध्ये जेमतेम एका माणसाची जागा होती. ती तिथे जाऊन उभी राहिली, गाडीकडे पाठ करून. पाठीला पत्र्याची ऊब लागत होती. समोर दाराची कडी आपोआप हलली, एक बोटभर वर आली.

"ऐकतोस का?" ताई दाराला म्हणाली, काउंटरवरच्या रोजच्या आवाजात. "मागच्या दारानं आम्ही गिऱ्हाईक घेत नाही."

कडी आणखी वर आली.

पुढे, उघड्या शटरबाहेर, रस्त्याच्या कोपऱ्यावर हॉर्न वाजला. दोन आखूड.

ताईनं पाना खांद्यावर उचलला आणि लांब हॉर्नची वाट बघत राहिली.